मागच्या रांगेतली टाळी

१५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स गायले, आणि जमलेल्या पंचावन्न हजारांपैकी फार थोड्यांना ते नीट ऐकू आलं. मैदान बेसबॉलचं. गिटारींसाठी शंभर वॉटचे अॅम्प्लिफायर होते आणि त्या काळी ते अवाढव्य वाटत. गळ्यातला आवाज मात्र मैदानाच्याच कर्ण्यांमधून सोडलेला होता, म्हणजे सामन्याच्या वेळी खेळाडूंची नावं पुकारतात त्या कर्ण्यांमधून. किंकाळ्यांचा कल्लोळ असा की गाणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मागे ड्रमवर बसलेला रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या पाठी आणि माना कशा हलतात ते पाहून गाणं कुठवर आलं याचा अंदाज बांधायचा. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर त्यांनी शेवटची तिकीट लावलेली मैफल केली, दौरे कायमचे थांबवले आणि ते स्टुडिओत जाऊन बसले. स्टेडियममधल्या रॉकचा इतिहास असा एका माघारीपासून सुरू होतो. जगातल्या सर्वांत लोकप्रिय ब्रिटिश बँडने गर्दीपुढे हात टेकले, कारण गर्दी आणि संगीत एकमेकांच्या विरोधात उभे होते, आणि आकाराने गर्दी मोठी होती.

यावरचा सरळ उपाय म्हणजे आवाज वाढवणं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळ्यांनी तो केला. स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या, गायकांच्या पायाशी त्यांचाच आवाज त्यांना ऐकवणारे मॉनिटर आले, प्रकाशाचे सांगाडे, धूर आणि मोठे पडदे आले. या उपायामागचं गृहीतक मात्र शे स्टेडियमवर होतं तेच राहिलं: वाजवणारे ते, ऐकणारे हे, आणि मधला गोंगाट हा अडथळा. माझं म्हणणं असं, की हे गृहीतक ज्यांनी खऱ्या अर्थाने मोडलं तो बँड क्वीन. त्यांनी गर्दीसाठी संगीतात जागा सोडली आणि तीही आधी, गाणं लिहितानाच. गायक फ्रेडी मर्क्युरीचा करिष्मा, पिवळं जाकीट, शेवटचा राजमुकुट हे सगळं खरं आहेच. पण त्यावर इतकं बोललं गेलंय की त्याखालची रचनाकाराची मेहनत दिसेनाशी झाली आहे. स्टेडियममधलं क्वीन म्हणजे आधी कागदावरचं काम. मग तमाशा.

पुरावा १९७७ चा आहे, आणि तो स्टेडियममधला नाही हे विशेष. त्या वर्षीच्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनचा कार्यक्रम झाला. शेतीप्रदर्शनं भरवायच्या मैदानावरचं ते सभागृह; ना नक्षी, ना गाद्या. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, आणि लोकांनी घरी जाण्याऐवजी एकसुरात गायला सुरुवात केली. क्वीनचं गाणं नव्हे, लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर गायलं जाणारं गाणं. गिटारवादक ब्रायन मे याने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलंय की त्या रात्री त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला: एवढ्या दाटीवाटीत उभ्या असलेल्या माणसाला करण्यासारखं काय असतं? तो पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो, आणि गाऊ शकतो. बस. या तीन शक्यतांमधून ‘वी विल रॉक यू’ जन्मलं. त्यात ड्रम नाहीत, बास नाही. गिटारसुद्धा अगदी शेवटी येते. दोन वेळा पाय, एक टाळी, आणि मग थोडी मोकळी जागा. तबला शिकणाऱ्या पोरालाही पहिल्या दिवशी यापेक्षा अवघड बोल मिळतो.

पण हे साधेपण कमावलेलं आहे. मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. बँडपायी त्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधलं खगोलशास्त्रातलं संशोधन अर्धवट सोडलं आणि थेट २००७ मध्ये परत जाऊन सूर्यमालेतल्या धुळीवरचा पीएचडीचा प्रबंध पुरा केला. उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत (ही एका जुन्या चर्चची इमारत) हे गाणं ध्वनिमुद्रित होताना हजारो माणसं नव्हती. मोजके लोक तिथेच सापडलेल्या फळ्यांवर पाय आपटत होते. ते पुन्हा पुन्हा मुद्रित केलं, आणि मग त्या थरांना थोडाथोडा उशीर देऊन एकावर एक ठेवलं. उशीर सारखा ठेवला असता तर प्रतिध्वनी ऐकू आला असता, डोंगरात ओरडल्यासारखा. मे याने उशिरांचं प्रमाण मूळ संख्यांवरून ठरवलं, जेणेकरून कुठलेही दोन थर ठराविक अंतराने एकमेकांवर बसणार नाहीत. परिणाम असा की कानाला प्रतिध्वनी जाणवत नाही, माणसं जाणवतात. कुणी जवळ, कुणी लांब, सगळे एकाच ठेक्यात पण कुणीही नेमका एकाच क्षणी नाही. गर्दीचा आवाज म्हणजे नुसता मोठा आवाज नसतो, तो अंतरांचा आवाज असतो, हे त्याला कळलं होतं.

इथे जरा गणित करून पाहायला हरकत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फुटबॉलच्या मैदानाच्या एका टोकाला मंच असेल, तर दुसऱ्या टोकाच्या बाकांवर ठोका पोहोचायला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्तच वेळ लागतो. बोलताना हा वेळ काहीच नाही. तालात तो प्रचंड आहे. स्पीकरचे मनोरे मैदानाच्या मध्यावर उभे करून त्यांचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, तो यासाठीच, की पुढून येणारा आणि मधून येणारा आवाज एकमेकांशी भांडू नयेत. पण त्या मनोऱ्यांनीही मागचा माणूस पुढे येत नाही. तो मागेच राहतो, उशिराच ऐकतो आणि उशिराच टाळी देतो. द्रुत लयीचं, दाट भरणीचं गाणं अशा जागी चिखल होतं. ‘वी विल रॉक यू’ मिनिटाला साधारण ऐंशी ठोक्यांनी चालतं. त्यात टाळीनंतरची रिकामी जागा जवळजवळ तेवढीच भरते जेवढा वेळ आवाजाला मैदान ओलांडायला लागतो. मे याने फूटपट्टी लावून ही जागा सोडली असा माझा दावा नाही. पण मागच्या रांगेतली उशिराची टाळी ज्या जागेत पडते ती जागा या गाण्यात रिकामी आहे, आणि म्हणून ती चूक ठरत नाही.

त्याच तबकडीवर, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’वर, या गाण्याला चिकटूनच फ्रेडीचं ‘वी आर द चॅम्पियन्स’ येतं. लिहिताना डोक्यात फुटबॉल होता हे त्याने स्वतःच सांगितलंय. आज जगभरच्या मैदानांवर चषक उंचावताना तेच वाजतं. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ही दोन्ही गाणी लिहिली गेली तेव्हा क्वीनने स्वतःच्या देशात एकही स्टेडियम भरवलेलं नव्हतं. १८ सप्टेंबर १९७६ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांनी फुकट कार्यक्रम केला होता, अंदाजे दीड लाख लोक जमले होते आणि वेळ उलटून गेल्यामुळे पोलिसांनी त्यांना पुन्हा मंचावर येऊ दिलं नव्हतं; पण ते उद्यान होतं. ब्रिटनमधलं पहिलं स्टेडियम, लीड्सचं एलंड रोड, १९८२ मध्ये आलं. म्हणजे कपडा आधी शिवला आणि तो अंगाला येईल एवढा देह नंतर वाढला.

देह वाढला तो आधी दक्षिण अमेरिकेत. १९८१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्जेंटिनाची फुटबॉल मैदानं, आणि मग ब्राझीलच्या साओ पाउलोमधलं मोरुंबी स्टेडियम: पहिल्या रात्री एक लाख एकतीस हजार, दुसऱ्या रात्री एक लाख वीस हजार. या दौऱ्यात ‘लव्ह ऑफ माय लाइफ’चं जे झालं ते माझ्या म्हणण्याला सर्वांत जास्त पुष्टी देतं, कारण हे गाणं मुळात गर्दीसाठी लिहिलेलं नव्हतं. १९७५ च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’मध्ये ते पियानो आणि हार्पचं, नाजूक, थोडं जुन्या वळणाचं विरहगीत आहे. मंचावर आणताना त्यांनी त्यातली भरण काढून टाकली. एक बारा तारांची गिटार, एक आवाज. आणि फ्रेडी ओळीच्या मध्यावर थांबू लागला. उरलेली ओळ स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या लोकांनी इंग्रजीत पुरी केली, तीही पाठ, सुरात. हळुवार गाणं स्टेडियममध्ये मरतं असा जो समज आहे तो इथे खोटा ठरला. मरते ती सजावट. गाण्याची चाल एक लाख गळ्यांवर टिकते, फक्त तिला वाट मोकळी करून द्यावी लागते.

आता लाइव्ह एड, दुष्काळग्रस्तांसाठीची ती मदत-मैफल. १३ जुलै १९८५, वेम्बली, ७२ हजार माणसं आणि दूरचित्रवाणीवर जगभरचे प्रेक्षक. क्वीनला मिळाली एकवीस मिनिटं आणि संध्याकाळचं लख्ख ऊन. ज्या बँडची अर्धी कीर्ती दिव्यांच्या खेळावर उभी होती त्याला दिव्यांचा काहीच उपयोग नव्हता. दिवसभर एकामागून एक मोठी नावं येऊन जात होती, त्यामुळे समोरचा प्रत्येकजण यांचाच चाहता होता असंही नाही. त्यांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली आणि गाणी कापली. काय कापलं ते पाहा. सुरुवात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने, पण फक्त पियानोचा पहिला भाग, ऑपेराचा प्रसिद्ध भाग आला की थेट पुढचं गाणं. तो भाग स्टुडिओत थरावर थर चढवून बांधलेला आहे, चार माणसांना तो मंचावर गाता येत नाही. एरवीच्या कार्यक्रमांत त्या वेळी बँड आत निघून जायचा आणि टेप वाजायची. लाइव्ह एडला त्यांनी टेपही टाळली. जिथे लोकांना काही करता येणार नाही असं एकही मिनिट त्यांनी त्या एकवीसांत ठेवलं नाही. लगेच ‘रेडिओ गा गा’, ड्रमवादक रॉजर टेलरचं गाणं, ज्यात ध्रुवपदाला डोक्यावर हात नेऊन दोन टाळ्या वाजवायच्या असतात. मग गाणंच नसलेला तो तुकडा: फ्रेडी एक स्वर फेकतो, मैदान परत करतं, तो वळवून फेकतो, मैदान अडखळत का होईना परत करतं. शेवटी ती १९७७ ची जोडी. एकवीस मिनिटांचा हा आराखडा मला मोठ्या गवयाने वेळ कमी मिळाल्यावर बडा ख्याल आवरता घेऊन थेट बंदिशीच्या मर्मावर यावं तसा वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं फ्रेडीचं होतं. तीच ‘रेडिओ गा गा’ दुसऱ्या कुणी गायली असती तर ७२ हजार हात वर गेले असते का? फ्रेडीवरच्या २०१८ च्या चित्रपटानंतर तर हा समज पक्काच झाला आहे. यात तथ्य आहे, आणि ते नाकारायचं कारण नाही. झांझिबारला पारशी घरात जन्मलेला फारुख बल्सारा, म्हणजेच पुढचा फ्रेडी मर्क्युरी, आठव्या वर्षाच्या आसपास पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहायला आला, तिथे पियानो शिकला, ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. पाचगणीच्या टेबललँडखाली सुरू झालेली ही गोष्ट वेम्बलीवर पोहोचते याचं कौतुक महाराष्ट्राला वाटणं साहजिक आहे. त्याचा माइकचा अर्धा दांडाच घ्या. सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात स्टँड मधूनच निखळला, आणि बुडाशिवायचा तो तुकडा त्याने आयुष्यभर हातात ठेवला. त्याचा उपयोग मागच्या रांगेतून पाहिला की कळतो. शंभर-दीडशे मीटरवरून चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत. दिसतो तो एक ठिपका आणि त्यातून फुटलेली एक रेघ. रेघ वर गेली की हात वर. मुनीमाच्या हातातल्या लेखणीइतका तो दांडा कामाचा होता.

पण करिष्म्याने सगळं स्पष्ट होत असेल तर १२ ऑगस्ट २०१२ चं काय करायचं? लंडन ऑलिंपिकच्या समारोपात पडद्यावर फ्रेडीची १९८६ च्या वेम्बलीची चित्रफीत दाखवली. तो जाऊन वीस वर्षं उलटली होती. तो स्वर फेकत होता, आणि स्टेडियम उत्तर देत होतं. इथे कुणी म्हणेल की करिष्मा मरणानंतरही उरला, एवढंच. बरं. मग १ जुलै २०१७ घ्या. त्या संध्याकाळी हाइड पार्कमध्ये ग्रीन डे या अमेरिकी बँडचा कार्यक्रम होता. तो सुरू व्हायच्या आधी स्पीकरवर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ लावलं गेलं, पाहुणे येईपर्यंत वेळ काढायला लावतात तसं. पासष्ट हजार लोकांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं, ऑपेराच्या भागासकट, गिटारच्या सुरावटीसकट. जो भाग क्वीनला मंचावर कधी गाता आला नाही तो श्रोत्यांनी गायला. मंचावर कुणी नव्हतं. पडद्यावरही कुणी नव्हतं. तिकिटं तर दुसऱ्याच बँडची होती. व्यक्तीचा प्रभाव इथे कुठे शोधायचा? उरते ती रचना.

दुसरा आक्षेप जड आहे. १९७९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात डेव्ह मार्श या समीक्षकाने क्वीनच्या ‘जॅझ’ या अल्बमची चिरफाड करताना या बँडला फॅसिस्ट म्हटलं होतं. त्याचा रोख ‘वी विल रॉक यू’वर होता: हे गाणं नाही, हा हुकूम आहे. पाच वर्षांनी ‘रेडिओ गा गा’च्या व्हिडिओने तर टीकाकारांच्या हाती कोलीतच दिलं. त्यात फ्रिट्झ लांगच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटातली दृश्यं वापरली आहेत, आणि फॅन क्लबच्या सभासदांना एकसारख्या कपड्यांत रांगेत उभं करून त्यांच्याकडून त्या दोन टाळ्या वाजवून घेतल्या आहेत. ‘मेट्रोपोलिस’मधले कामगार यंत्राचे गुलाम असतात. म्हणजे ज्या टाळीला मी सहभाग म्हणतोय तिचं पहिलं चित्र गुलामांच्या कवायतीचं आहे. हे कसं नाकारणार? शिवाय बँडची राजकीय समज, खरं सांगायचं तर, पोरकट होती. अर्जेंटिनात आणि ब्राझीलमध्ये ते गायले तेव्हा दोन्हीकडे लष्करी सत्ता होती. ऑक्टोबर १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवरचा सांस्कृतिक बहिष्कार मोडून ते सन सिटीला गेले. त्यापायी ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव गेलं. आम्ही राजकारणात नाही, ऐकायला येईल त्याच्यासाठी वाजवतो, हा त्यांचा बचाव. माझ्या मते तो बचाव नव्हेच. हात वर करायला लावणारी विद्या ज्याच्याकडे आहे त्याने ती कुणाच्या दारात वापरायची याचा विचार इतरांपेक्षा जास्त करायला हवा.

तरीही मार्शचं निदान मला चुकलेलं वाटतं. कवायतीत उत्तर ठरलेलं असतं आणि चुकणाऱ्याला शिक्षा असते. फ्रेडीच्या त्या स्वरांच्या फेकाफेकीत काय होतं ते नीट ऐका. पहिला तुकडा पोरासोरांनाही जमेल असा. दुसरा थोडा लांब. मग तो हळूहळू वळणं घालत जातो आणि अखेरीस असा काही तुकडा टाकतो की मैदान कोसळतं; आणि त्याला नेमका त्याच क्षणी आनंद होतो. लोकही हसतात. त्या खेळाची गंमतच फसण्यात आहे. दुसरं म्हणजे ही गर्दी नकारही देत असे. १९८२ मध्ये ‘हॉट स्पेस’ हा नाचाच्या ठेक्याचा अल्बम आला तेव्हा जुने चाहते रुसले. मिल्टन कीन्सच्या मैदानावर फ्रेडीला गाणी थांबवून समजूत काढावी लागली, की बाबांनो, शेवटी ही एक तबकडीच तर आहे. हुकूमशहाला अशी समजूत काढावी लागत नाही.

बुडापेस्टची रात्र तर याहून बोलकी आहे. २७ जुलै १९८६, नेपस्टेडियम, म्हणजे लोकांचं स्टेडियम. पोलादी पडद्याआडचा देश, सुमारे ऐंशी हजार माणसं. मध्येच ब्रायन मे साधी गिटार घेऊन बसतो आणि फ्रेडी एक हंगेरियन लोकगीत म्हणू लागतो. वसंतातल्या वाऱ्याचं, तिथल्या प्रत्येक मुलाला शाळेपासून येणारं. त्या कार्यक्रमाचा चित्रपट आहे. त्यात दिसतं की शब्द त्याच्या तळहातावर लिहिलेले आहेत. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलासारखा तो हाताकडे बघतो, ओळ म्हणतो, पुन्हा हाताकडे बघतो. पहिली ओळ ओळखल्यावर आधी गलका होतो आणि मग मैदान गाणं ताब्यात घेतं. त्या दीड-दोन मिनिटांत जाणकार खाली उभे आहेत आणि मंचावरचा जगप्रसिद्ध गायक शिकाऊ आहे. गर्दीसाठी जागा सोडणं म्हणजे काय, ते त्या शाई लागलेल्या तळहाताइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

मराठी लेखकाला इथे वारीची, दिंडीतल्या टाळांची उपमा द्यायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. वारीत तिकीट नसतं, मंच नसतो, आणि चालणाऱ्यांना बघायला येणारे वेगळे नसतात. क्वीनचा मामला शेवटी धंद्याचा होता, आणि त्या धंद्याची किंमतही मोजली गेली. १९८६ चा तो ‘मॅजिक’ दौरा, एकूण २६ कार्यक्रम, ९ ऑगस्टला नेबवर्थच्या मैदानावर संपला. लाखाच्या वर लोक होते, आणि त्या गर्दीत भोसकल्या गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला. मंचावरच्यांना ते त्या वेळी ठाऊकही नव्हतं. एवढ्या मोठ्या जमावात दूरचा माणूस टाळी देतो, पण मदत मागू शकत नाही. जमावाचं कौतुक करताना ही बाजू झाकायची नसते. फ्रेडीचीही ती क्वीनबरोबरची शेवटची मैफल ठरली. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला.

राहिला तिसरा आक्षेप, की हा सगळा जुन्या तंत्राचा जमाना होता, आज गर्दीला सामील करून घेण्याचे याहून चांगले मार्ग आहेत. त्यासाठी लांब जायला नको. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन रात्री वाजला. प्रत्येकाच्या मनगटावर दिव्यांचा पट्टा होता आणि गाण्याबरोबर सगळं स्टेडियम पिवळं, निळं, लाल होत होतं. डोळ्यांचं पारणं फिटावं असंच दृश्य. पण तो पट्टा दुरून येणाऱ्या बिनतारी संकेतांवर चालतो. तो केव्हा आणि कुठल्या रंगात लागणार हे नियंत्रणकक्षात बसलेला माणूस ठरवतो. ज्याच्या मनगटावर तो आहे त्याने टाळी वाजवली काय आणि खिशात हात घालून उभा राहिला काय, दिवा लागायचा तेव्हा लागतोच. कोल्डप्लेच्या गाण्यांवर लोक जीव तोडून गातात, त्यात खोट नाही. मी बोलतोय ते पट्ट्याबद्दल. त्यात कुणी चुकू शकत नाही आणि कुणी उशीर करू शकत नाही. बिनतारी संकेताला मैदान ओलांडायला जाणवण्याइतका वेळ लागत नाही. क्वीनला भेडसावणारा अंतराचा प्रश्न या तंत्राने सोडवला, आणि अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचं काम काढून घेतलं. मला विचाराल तर कवायत ही आहे. मार्शला ती पंचेचाळीस वर्षं आधीच दिसली, चुकीच्या ठिकाणी.

लाइव्ह एडची चित्रफीत पुन्हा कधी लावलीत तर ‘रेडिओ गा गा’च्या वेळी पांढरा बनियन आणि दंडावरचा पट्टा घातलेल्या त्या माणसाकडे पाहू नका, तो पाहून झालाय. कॅमेरा मैदानावरून फिरतो तेव्हा हातांकडे बघा. पुढचे हात एकत्र येतात, आणि अगदी मागचे, तिथवर आवाज पोहोचल्यावर, किंचित उशिराने.